साठ पीडीएफ आणि परत आलेलं प्रकरण

पत्र

मॅडम,
मी समाजशास्त्रात एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. लघुप्रबंधाचा विषय 'नोकरी मिळवताना ओळखीपाळखीची भूमिका' असा आहे. नुकत्याच नोकरीला लागलेल्या पंचवीस तरुण-तरुणींच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. साहित्याच्या आढाव्याचं प्रकरण गाईडना दिलं, तर त्यांनी पहिल्याच पानावर 'ही यादी झाली. आढावा कुठाय?' एवढं लिहून परत केलं. माझ्याकडे साठेक पीडीएफ आहेत. त्यातल्या निम्म्यांचा फक्त गोषवारा वाचलाय. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो. वर्गातले काही जण एआयकडून सारांश करून घेतात आणि त्यांचं प्रकरण पासही होतं. सगळे म्हणतात 'रिसर्च गॅप दाखव', पण मला तर वाटतं, सगळ्यावर सगळं लिहून झालंय. दोन महिने उरलेत. प्रकरणाची दोन पानं सोबत जोडते. कुठून सुरुवात करू?
— साठ पीडीएफवाली

उत्तर

प्रिय साठ पीडीएफवाली,

तुझ्या गाईडचा शेरा तुटक आहे, पण चुकीचा नाही. तू जोडलेली दोन पानं वाचली. प्रत्येक परिच्छेद एका आडनावाने सुरू होतो, कंसात वर्ष येतं, मग 'यांनी असे मांडले आहे की', आणि पुढच्या परिच्छेदात दुसरं आडनाव. हे परिच्छेद कात्रीने कापून कसेही चिकटवले तरी वाचणाऱ्याच्या काही लक्षात येणार नाही. आढाव्याची यादी झालीय का, हे तपासायची हीच सोपी खूण आहे. क्रम बदलून काहीच बिघडत नसेल, तर त्यात अजून युक्तिवाद आलेला नाही.

यात दोष एकट्या तुझा नाही. संशोधनपद्धतीचा पेपर बहुतेक ठिकाणी परीक्षेपुरता शिकवला जातो: संशोधनाचे प्रकार, नमुनानिवडीचे प्रकार, चांगल्या गृहीतकाची वैशिष्ट्यं. एखादा शोधनिबंध समोर घेऊन लेखकाचा दावा नेमका काय, तो कशाच्या जोरावर करतो आणि तो कोणाशी भांडतोय, हे तासभर उलगडून दाखवणारे शिक्षक कमी. मग विद्यार्थी मागच्या बॅचचा लघुप्रबंध उघडतात आणि तसंच लिहितात. मागच्या बॅचनेही तेच केलेलं असतं.

'कोणाशी भांडतोय' हा प्रश्न तेवढा धरून ठेव. तुझ्या विषयावर पन्नास वर्षं वाद चाललाय, आणि तुझ्या प्रकरणात मात्र सगळे एकमेकांना माना डोलावताना दिसतात. तुझ्या यादीतले तीन आणि यादीत नसलेला एक, असे चार निबंध घेऊन मला काय म्हणायचंय ते दाखवते.

पहिला अर्थातच मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा 'द स्ट्रेंथ ऑफ वीक टाइज', १९७३ सालचा, 'अमेरिकन जर्नल ऑफ सोशियॉलॉजी'मधला. तू लिहिलंयस, 'ग्रॅनोव्हेटर यांनी सिद्ध केले की कमकुवत संबंधांतून नोकऱ्या मिळतात.' आता मूळ निबंध उघड. त्यातला बराच भाग नोकरीबद्दल नाहीच. मुद्दा सैद्धान्तिक आहे: आपली जवळची माणसं बहुधा एकमेकांनाही ओळखतात, त्यामुळे त्यांच्यात तीच ती माहिती फिरत राहते. जुजबी ओळखीचा माणूस मात्र दुसऱ्याच वर्तुळात वावरतो, म्हणून नवी बातमी त्याच्याकडून येण्याची शक्यता जास्त. नोकरीचा पुरावा या मुद्द्याला आधार म्हणून येतो. बॉस्टनच्या एका उपनगरात राहणारे, नुकतीच नोकरी बदललेले व्यावसायिक, तंत्रज्ञ आणि व्यवस्थापक त्यांनी घेतले होते. त्यातल्या ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली, त्यांना विचारलं की त्या माणसाशी तुमची गाठ किती वेळा पडायची. १६.७ टक्के म्हणाले वारंवार, ५५.६ टक्के अधूनमधून, २७.८ टक्के क्वचित. हे टक्के किती माणसांचे? ५४.

म्हणजे निबंध कच्चा, असं मी म्हणत नाही. समाजशास्त्रात सर्वाधिक उद्धृत झालेल्या लेखनात तो मोडतो आणि त्याची कल्पना आजही टवटवीत आहे. पण ५४ माणसांवरून 'सिद्ध केले' हे क्रियापद लिहायचं का, हे तुझं तुला ठरवता आलं पाहिजे, आणि ते मूळ निबंध वाचल्याशिवाय ठरवता येत नाही. शिवाय ही माणसं कोण होती ते बघ. पांढरपेशी, पुरेसं शिकलेली. तुझ्या पंचवीस जणांत कोण असणार आहे? इथेच तुझा पहिला खरा प्रश्न उभा राहतो, आणि त्यासाठी साठ पीडीएफ लागल्या नाहीत.

दुसरा निबंध यानजिए बियान यांचा, १९९७चा. त्याचं शीर्षकच 'ब्रिंगिंग स्ट्राँग टाइज बॅक इन' असं आहे, म्हणजे भांडण मथळ्यातच आहे. तो 'अमेरिकन सोशियॉलॉजिकल रिव्ह्यू'मध्ये आला. (ग्रॅनोव्हेटर यांच्या निबंधाचा पहिला खर्डा १९६९ साली याच जर्नलने नाकारला होता. प्रकरण परत आल्याचं दुःख थोडं हलकं होईल म्हणून सांगितलं.) बियान यांचा पुरावा चीनमधल्या तिआनजिन शहरातला, १९८८च्या सर्वेक्षणातला. तेव्हा तिथे नोकऱ्या सरकार वाटत असे. कुठे जागा आहे ही माहिती मिळवणं ही अडचण नव्हतीच. जागा देण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याने आपल्यासाठी वजन खर्च करायला हवं होतं. असं वजन कोणी जुजबी ओळखीच्या माणसासाठी खर्च करत नाही, तिथे घट्ट नातं लागतं, किंवा दोन्ही बाजूंना घट्ट धरलेला मधला माणूस लागतो.

तू बियान यांच्याबद्दल लिहिलंयस, 'बियान यांच्या मते घट्ट संबंधही महत्त्वाचे असतात.' त्या 'ही'मध्ये सगळा वाद विरघळून गेला! बियान यांचा मुद्दा असा, की ओळखीतून जे मिळतं ते एकच नसतं. कधी माहिती मिळते, कधी प्रभाव. माहिती सैल ओळखीतून येते आणि प्रभाव घट्ट नात्यातून. म्हणजे कोणती ओळख कामी येते, हे नोकऱ्या वाटण्याची व्यवस्था कशी आहे यावर ठरतं.

तिसरा निबंध तुझ्या यादीत आहे, पण मला वाटतं त्याचा फक्त गोषवाराच वाचून झालाय. टेड मौ, २००३, पुन्हा 'अमेरिकन सोशियॉलॉजिकल रिव्ह्यू'. हा माणूस दोघांच्याही खालची सतरंजी ओढतो. तो विचारतो, ओळखीमुळे फायदा होतो हे तुम्हाला कशावरून कळलं? माणसं आपल्यासारख्याच माणसांशी मैत्री करतात. चांगल्या हुद्द्यावरच्या माणसाचे मित्रही चांगल्या हुद्द्यावर असतात. मग त्याला चांगली नोकरी मित्रामुळे मिळाली, की ज्या गुणांमुळे आणि पार्श्वभूमीमुळे असे मित्र मिळाले त्यांच्यामुळेच नोकरीही मिळाली? हा आक्षेप पद्धतीवरचा आहे, आणि तुझ्या मुलाखतींनाही तो लागू पडतो. कोणी तुला 'काकांमुळे नोकरी लागली' असं सांगितलं, तर ती त्याची समजूत आहे. काका नसते तर काय झालं असतं, हे त्यालाही माहीत नाही.

चौथा तुझ्याकडे नाही, तो मिळव. २०२२ साली 'सायन्स'मध्ये आलेला, 'लिंक्डइन'वरच्या प्रयोगांचा निबंध. 'तुमच्या ओळखीचे असू शकतील' म्हणून जी नावं तिथे सुचवली जातात, ती सुचवण्याची रीत पाच वर्षांच्या काळात यादृच्छिक पद्धतीने बदलून पाहिली गेली, दोन कोटींहून अधिक सदस्यांवर. मौ यांच्या आक्षेपाला थेट भिडणारा पुरावा हा असा. निष्कर्ष असा, की नोकरी बदलायला सगळ्यात उपयोगी पडतात त्या मध्यम सैल ओळखी, अगदी तुटक ओळखी तेवढ्या नाहीत. त्यातही एक मेख आहे. जास्त डिजिटल उद्योगांत सैल ओळखी कामी आल्या, कमी डिजिटल उद्योगांत घट्ट.

आता हे चौघे एका परिच्छेदात बसवून बघू. तुझं लिखाण असं होतं: ग्रॅनोव्हेटर यांनी असे मांडले, बियान यांनी तसे मांडले, मौ यांच्या मते अमुक. त्याऐवजी असं काहीसं लिही:

'नोकरी मिळवताना कोणती ओळख उपयोगी पडते, याची दोन उत्तरं दिली गेली आहेत. ओळखीतून मुख्यतः माहिती मिळते असं धरलं, तर सैल ओळखी अधिक फलदायी ठरतात (ग्रॅनोव्हेटर, १९७३). ओळखीतून प्रभाव मिळतो असं धरलं, तर घट्ट नाती निर्णायक ठरतात (बियान, १९९७). ही दोन उत्तरं वेगवेगळ्या रोजगारव्यवस्थांतून आलेली आहेत, त्यामुळे त्यांच्यातला विरोध दिसतो तेवढा खरा नसावा. २०२२च्या प्रयोगात उद्योगाच्या स्वरूपानुसार परिणाम बदलला, हेही त्याच दिशेला बोट दाखवतं. मात्र पहिल्या दोन्ही अभ्यासांवर मौ (२००३) यांचा आक्षेप उरतोच: साम्यामुळे जुळलेल्या ओळखी आणि ओळखीमुळे झालेला फायदा वेगळे कसे काढायचे? प्रस्तुत अभ्यास हा कार्यकारणभाव मोजू शकत नाही. त्याऐवजी, नुकतेच नोकरीला लागलेले तरुण एखाद्या ओळखीचा उपयोग माहिती म्हणून सांगतात की प्रभाव म्हणून, आणि प्रभाव सांगताना संकोचतात का, हे तो पाहतो.'

यात आडनावं कंसात गेली आणि वाक्यांच्या सुरुवातीला मुद्दे आले. आता परिच्छेदातली वाक्यं उलटसुलट करून बघ, जमणार नाही. आणि शेवटच्या दोन वाक्यांत तुझा संशोधनप्रश्न आपोआप बाहेर पडला. तो मी बसवलाय, तुझा कदाचित वेगळा निघेल. पण निघेल तो इथूनच.

हीच तुझी 'गॅप'. या शब्दाने विद्यार्थ्यांचं फार नुकसान केलंय. सगळे 'यावर कोणीच अभ्यास केलेला नाही' असं वाक्य शोधत बसतात. एक तर ते बहुतेक वेळा खोटं असतं, वाचणाऱ्याने पुरेसं शोधलेलं नसतं एवढंच. दुसरं म्हणजे, कोणी अभ्यास केला नाही हे काही अभ्यास करण्याचं कारण होत नाही. डाव्या हाताने लिहिणाऱ्या शिपायांच्या मैत्रीवरही कोणी अभ्यास केला नसेल. कारण असं हवं: दोन अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नाहीत आणि का जुळत नाहीत हे कळलेलं नाही. किंवा एक कल्पना एका प्रकारच्या माणसांवर तपासली गेली आणि सगळ्यांना लागू धरली गेली. किंवा आकड्यांत परिणाम दिसतो, पण तो घडतो कसा हे आकडे सांगत नाहीत. पंचवीस मुलाखतींचा अभ्यास या शेवटच्या कामाला फार चांगला. 'किती टक्के' हे सांगायला तो अजिबात चांगला नाही, त्यामुळे ते वचन आढाव्यात देऊ नकोस.

शोधायचं कसं

साठ पीडीएफ जमल्या कशा, याचा मला अंदाज आहे. शोधखिडकीत विषयाचं नाव टाकलं, पहिली तीन-चार पानं उतरवून घेतली. यातून जे हाती लागतं ते सगळं सुटं सुटं असतं, कोण कोणाला उत्तर देतंय ते कळत नाही.

त्यापेक्षा एखाद्या चांगल्या आढावा-लेखापासून निघ. 'अ‍ॅन्युअल रिव्ह्यू ऑफ सोशियॉलॉजी' हे नियतकालिक १९७५ पासून हेच करतं, एकेका विषयावर जाणकाराकडून आढावा लिहून घेतं. सामाजिक भांडवलावरचा, म्हणजे ओळखी-नात्यांतून माणसाला जे मिळतं त्यावरचा, आलेहांद्रो पोर्टेस यांचा १९९८चा लेख त्यातलाच. बूर्द्यू, कोलमन, पटनम हे या कल्पनेचे तीन मोठे अभ्यासक एकच शब्द वापरून किती वेगळ्या गोष्टी म्हणतात, हे त्या एका लेखातून कळतं, आणि तुझ्या प्रकरणात या तिघांचं जे एकत्र कडबोळं झालंय ते सुटायला मदत होईल. शिवाय जाणकार माणूस आढावा कसा लिहितो याचा नमुनाही मिळतो. मागच्या बॅचच्या प्रबंधाऐवजी हा नमुना समोर ठेव.

तिथून दोन दिशांना जायचं. मागे जायला लेखाची संदर्भसूची असते. पुढे जायला, म्हणजे एखाद्या जुन्या निबंधाला नंतर कोणी कोणी उद्धृत केलं ते बघायला, 'गूगल स्कॉलर'मध्ये प्रत्येक नोंदीखाली 'साइटेड बाय' असतं. गूगल स्कॉलर २००४चं, पण ही युक्ती त्याहून जुनी आहे. युजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये विज्ञानासाठी आणि १९७३ मध्ये सामाजिक शास्त्रांसाठी छापील उद्धरणसूची काढली, तेव्हापासूनची. ग्रॅनोव्हेटर यांच्या नोंदीखालचा आकडा बघून घाबरू नकोस. तिथेच त्या उद्धरणांमध्ये शोधण्याची सोय आहे. ती खूण लावून तुझे शब्द टाक, हजारोंचे पंधरा-वीस होतात.

आणि शब्द बदलून बघ. तू ज्याला 'सोशल नेटवर्क' म्हणून शोधतेस, त्यालाच अर्थशास्त्रातले लोक 'रेफरल' किंवा 'इन्फॉर्मल हायरिंग' म्हणतात, आणि त्यांचे निबंध तुझ्या शोधात येतच नाहीत. कोणत्या तारखेला, कुठे, कोणते शब्द टाकले आणि काय हाती लागलं, याची एक वही ठेव. वैद्यकात आणि आता सामाजिक शास्त्रांतही पद्धतशीर आढाव्यांसाठी 'प्रिझ्मा' नावाची नियमावली आहे, २००९ची, २०२० मध्ये सुधारलेली. ती पाळायची तुला गरज नाही. पण शोधाची नोंद ठेवण्याची तिची सवय उसनी घे. तोंडी परीक्षेत 'हेच निबंध का निवडले' असं विचारलं, की ही वही उघडता येते.

पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत अशा निबंधांसाठी आधी ग्रंथपालांना विचार, मग लेखकाच्या स्वतःच्या पानावर खर्डा आहे का बघ, नाहीतर लेखकाला दोन ओळींचा ई-मेल टाक. बरेच जण पाठवतात. त्यांनाही कोणीतरी वाचलेलं हवं असतं.

वाचायचं कसं, तेही इंग्रजी हळू येत असताना

साठच्या साठ वाचू नकोस. प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटं दे: गोषवारा, प्रस्तावनेचे शेवटचे दोन परिच्छेद (लेखक 'या निबंधात मी असं दाखवणार' हे बहुधा तिथे सांगतो), पुरावा कोणाचा आणि किती, आणि निष्कर्ष. एवढ्यावरून तीन ढीग कर. तुझ्या प्रश्नाला थेट भिडणारे दहा-बारा, एखाद्या वाक्यापुरते लागणारे पंधरा-वीस, आणि बाकीचे. तिसरा ढीग वेगळ्या फोल्डरमध्ये टाक आणि विसरून जा. एवढ्या मेहनतीने उतरवून घेतलेलं टाकवत नाही हे मला कळतं, पण प्रकरण परत येण्याचं निम्मं कारण तो ढीगच आहे.

पहिल्या ढिगातले दहा-बारा मात्र अथपासून इतिपर्यंत वाच. हळू वाचणं इथे वाईट नाही. भराभर वाचणाऱ्यांच्या नजरेतून ५४ निसटतात. पद्धतीचा भाग आधी वाच असं मी सुचवेन. तिथलं इंग्रजी सोपं असतं, कारण काय केलं ते सरळ सांगायचं असतं. खरी अवघड वाक्यं सैद्धान्तिक भागात असतात, आणि काय मोजलं हे माहीत झाल्यावर त्यातली निम्मी आपोआप उलगडतात.

टिपणं मराठीत काढ. पुस्तक मिटून, स्वतःच्या शब्दांत, पाच-सहा ओळी. मराठीत लिहिताना लेखकाचं वाक्य जसंच्या तसं उचलता येत नाही, त्यामुळे नकळत होणारी चोरीही टळते. शब्दशः हवं असलेलं वाक्य मात्र इंग्रजीतच, अवतरणचिन्हांत आणि पानाच्या क्रमांकासह, त्याच क्षणी उतरव. 'क्रमांक नंतर शोधू' म्हटलेलं पान सादर करायच्या आदल्या रात्री कधीच सापडत नाही.

मग एक तक्ता कर. ओळीत निबंध आणि रकान्यांत प्रश्न, कोणाचा अभ्यास, पद्धत, दावा, कच्चा दुवा. हे पाच रकाने सगळेच शिकवतात. सहावा जोड: 'हा कोणाशी सहमत, कोणाशी नाही'. प्रकरण लिहिताना तक्ता आडवा वाचला की यादी होते आणि उभा वाचला की आढावा होतो. हा सहावा रकाना उभा वाचायला लाग, तुला उपमथळे मिळतील. संदर्भ सांभाळायला 'झोटेरो' वापर, मोफत आहे. निक्लास लूमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाने नव्वद हजारांच्या आसपास चिठ्ठ्या लिहून ठेवल्या होत्या आणि त्यांच्या बळावर ढिगाने पुस्तकं लिहिली, हे वाचून अनेक विद्यार्थी सुंदर टिपणव्यवस्था उभारत बसतात. त्यांना आयुष्य होतं, तुला दोन महिने आहेत. एक साधा तक्ता पुरे.

एआयचं काय

वर्गातल्यांचं प्रकरण पास होतं, हे खरं असेल. त्यावर मी नैतिक प्रवचन देणार नाही. व्यवहाराचं सांगते. तुझं काम हे वाद ऐकण्याचं आहे, आणि सारांशात वाद सगळ्यात आधी मरतो. चार निबंधांचे चार गुळगुळीत सारांश घेतलेस तर तुला पुन्हा तेच मिळेल: यांनी असे मांडले, त्यांनी तसे मांडले. म्हणजे जे परत आलं, तेच अधिक शुद्ध भाषेत.

दुसरं, ही साधनं कधी कधी अस्तित्वातच नसलेले निबंध सांगतात. लेखक खरा, जर्नल खरं, शीर्षक पटण्यासारखं, आणि असा निबंध कोणी लिहिलेलाच नाही. न तपासता उचलण्याची खोड मात्र एआयच्या आधीपासूनची आहे. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने संदर्भ कसा लिहावा हे दाखवायला लेखकांसाठीच्या सूचनांत 'द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल' असा एक काल्पनिक निबंध दिला होता. तो खरा समजून शेकडो निबंधांच्या संदर्भसूचीत जाऊन बसला. त्यामुळे नियम एकच ठेव: जी पीडीएफ तू स्वतः उघडलेली नाहीस ती तुझ्या संदर्भसूचीत येणार नाही. दुसऱ्याच्या निबंधात उद्धृत केलेलं वापरायचंच असेल, तर 'अमुक यांच्या निबंधात उद्धृत' असं स्पष्ट लिही. महत्त्वाचा निबंध मागे घेतला गेला नाही ना, हेही जर्नलच्या पानावर एकदा बघ. 'सायन्स'सारख्या जर्नलनेही डिसेंबर २०१४ मध्ये छापलेला, गाठीभेटींतून मतं बदलतात का यावरचा एक गाजलेला निबंध मे २०१५ मध्ये मागे घेतला होता.

एखादं किचकट वाक्य समजून घ्यायला किंवा शोधासाठी आणखी शब्द सुचवायला एआय वापरलंस तर माझी हरकत नाही. तुझ्या विभागाची आहे का, ते विचारून घे, आणि वापरलंस तर तसं नमूद कर.

दोन महिने

पहिले दोन आठवडे ढीग करण्यात आणि ते दहा-बारा निबंध वाचण्यात जातील. तिसऱ्या आठवड्यात एकच पान लिही: या विषयात वाद कोणते, कोण कोणत्या बाजूला, आणि माझा प्रश्न कुठे उभा आहे. प्रकरण पूर्ण करून मग दाखवू, असं करू नकोस. ते एक पान घेऊन गाईडकडे जा. ज्यांनी 'आढावा कुठाय' असं विचारलं, त्यांना आढावा म्हणजे काय हे माहीत आहे. एका पानावर ते दहा मिनिटं नक्की बोलतील, पन्नास पानांवर पुन्हा एक शेराच मिळेल. वर्गातल्या दोघातिघांना बरोबर घेऊन आठवड्याला एक निबंध एकमेकांना समजावून सांगायचं ठरवता आलं तर फारच छान. सांगताना अडखळलीस, की तिथे वाचन कच्चं आहे हे कळतं.

वाचन कधी थांबवायचं? नव्या निबंधाची संदर्भसूची चाळताना बहुतेक नावं ओळखीची वाटायला लागली, आणि हा कोणाची बाजू घेणार हे प्रस्तावनेतच कळायला लागलं, की थांब. त्यानंतरचं वाचन बहुधा लिहिणं टाळण्यासाठी असतं.

एक शेवटचं, कारण तू विचारलं नाहीस पण ते होणार आहे. हे सगळं करताना तुझा प्रश्न बदलेल. 'ओळखीपाळखीची भूमिका' हा प्रश्न नाही, तो विषय आहे, आणि त्यातून नेमका प्रश्न निघाला की मुलाखतीची प्रश्नावलीही बदलावी लागेल. उदाहरणार्थ, 'तुम्हाला नोकरी कोणामुळे मिळाली' एवढं विचारून भागणार नाही. त्या माणसाने नुसतं कळवलं की कोणाला फोन केला, हे वेगळं विचारावं लागेल. म्हणून एकही मुलाखत घेण्याआधी ते एक पान गाईडना दाखव. घेतल्या असशील, तर उरलेल्या तेवढ्या थांबव.